कॉलेज स्पोर्ट्स आणि बेटिंग: अमेरिकेत खेळणाऱ्या आणि ॲथलेटिक्समध्ये काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर ऑगस्टला नवीन बॅच इथे उतरली की महिनाभरात तेच मेसेज सुरू होतात. टेनिस, गोल्फ, स्विमिंगच्या स्कॉलरशिपवर पुण्या-मुंबईहून आलेली मुलं विचारतात, त्यांचे आईबाबा विचारतात, आणि सगळ्यात जास्त विचारतात ती मास्टर्सची मुलं, जी ॲथलेटिक्स डिपार्टमेंटमध्ये ऑन-कॅम्पस जॉब करतात, कारण हे नियम आपल्यालाही लागू आहेत हे त्यांना कोणी नीट सांगितलेलंच नसतं. मी इथे एका युनिव्हर्सिटीच्या ॲथलेटिक्स डिपार्टमेंटमध्येच काम करते त्यामुळे हे रोज बघते. बहुतेकांना वाटतं प्रश्न पैशांचा आहे, पण चांगल्या मुलांचं नुकसान जास्त करून तोंडातून सहज गेलेल्या माहितीने होतं. म्हणून प्रश्न १४ सगळ्यांनी वाचाच, बाकीचे गरजेप्रमाणे.

१. ताई, मुळात नियम काय आहे? थोडक्यात सांगा.

एनसीएए म्हणजे इथल्या कॉलेज स्पोर्ट्सची मुख्य संघटना, तिच्या नियमपुस्तिकेत १०.३ नंबरचा नियम आहे. एनसीएए ज्या खेळांची चॅम्पियनशिप घेते त्या खेळांवर पैज लावायची नाही, मग मॅच कॉलेजची असो, हौशी असो की प्रोफेशनल. स्वतःसाठी नाही, दुसऱ्यासाठी नाही, दुसऱ्याची पैज घ्यायची पण नाही. आणि बेटिंग करणाऱ्या कोणालाही माहिती द्यायची नाही. टॉप लेव्हलच्या अमेरिकन फुटबॉलची चॅम्पियनशिप एनसीएए स्वतः घेत नाही, तरी नियमात तो खेळ वेगळा नाव घेऊन टाकलाय, त्यामुळे तिथे पळवाट शोधू नका. महिलांचे जे नवीन 'इमर्जिंग' खेळ आहेत तेही त्यात येतात.

२. हा नियम फक्त खेळाडूंना आहे का?

नाही. खेळाडू, ॲथलेटिक्स डिपार्टमेंटचा सगळा स्टाफ, कॉन्फरन्स (म्हणजे एकमेकांत खेळणाऱ्या युनिव्हर्सिटीजचा गट) ऑफिसचे लोक, आणि ॲथलेटिक्सवर जबाबदारी असलेले बाहेरचे लोक, म्हणजे युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट आणि ॲथलेटिक्सचे फॅकल्टी प्रतिनिधीसुद्धा. एनसीएएच्या डिव्हिजन १, २, ३ या तिन्ही पातळ्यांवर, सगळीकडे. स्कॉलरशिप नसलेला वॉक-ऑन, दुखापतीमुळे बाहेर बसलेला, रेडशर्ट (म्हणजे खेळायचं वर्ष वाचवायला एक सीझन न खेळणारा), सगळे आले.

३. मी तर फक्त टीमचे व्हिडिओ कापतो, आठवड्याला २० तासांचा ऑन-कॅम्पस जॉब आहे. मला कशाला लागू असेल?

लागू आहे. तुम्ही डिपार्टमेंटच्या पगारावर आहात म्हणजे तुम्ही स्टाफ. व्हिडिओ, डेटा ॲनालिटिक्स, इक्विपमेंट रूम, फिजिओच्या हाताखाली, टीम मॅनेजर, ग्रॅज्युएट असिस्टंट, सगळे. उलट मी तर म्हणेन तुमच्यासारख्यांनी जास्त जपायला हवं, कारण कोण प्रॅक्टिसला नव्हता, कोणाच्या गुडघ्याला बर्फ लावला होता, हे तुम्हाला कोचइतकंच दिसतं आणि खेळाडूंना जी सक्तीची ट्रेनिंग सेशन्स असतात ती तुमच्यापर्यंत कधी कधी पोचतच नाहीत. पहिल्या आठवड्यात स्वतःहून कंप्लायन्स ऑफिसला (नियम पाळले जातात का हे बघणारं युनिव्हर्सिटीचं ऑफिस) जाऊन हँडबुक मागून घ्या. फक्त मॅचच्या दिवशी तिकीट स्कॅन करणारी तात्पुरती मुलं यात येतात का, हे प्रत्येक युनिव्हर्सिटी वेगळं ठरवते, तेही लेखी विचारा.

४. आमच्या राज्यात बेटिंग लीगल आहे, मला २१ पूर्ण झाली. कायद्याने चालतं मग एनसीएए कोण अडवणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. १४ मे २०१८ ला सुप्रीम कोर्टाने मर्फी विरुद्ध एनसीएए या केसमध्ये १९९२ चा केंद्रीय कायदा रद्द केला, तेव्हापासून प्रत्येक राज्य आपलं आपण ठरवतं. बऱ्याच राज्यांत २१ ची अट आहे, काही थोड्या ठिकाणी १८, कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये स्पोर्ट्स बेटिंगला परवानगीच नाही. पण कायदा सांगतो तुम्हाला अटक होईल का, आणि एनसीएएचा नियम सांगतो तुम्ही खेळू शकाल का, नोकरी राहील का. दोन्ही वेगळं आहे. कायद्याने शंभर टक्के लीगल असलेल्या ५० डॉलरच्या बेटने पण उल्लंघन होतं.

५. पण प्रोफेशनल मॅचवर आता चालतं ना? मी बातमी वाचली होती की नियम बदलला.

बातमी खरी होती, पुढचं तुम्ही वाचलं नसणार. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिन्ही डिव्हिजनच्या समित्यांनी मंजूर केलं की खेळाडू आणि स्टाफ प्रोफेशनल स्पोर्ट्सवर बेट लावू शकतील, कॉलेज स्पोर्ट्सवरची बंदी तशीच राहील. १ नोव्हेंबरपासून सुरू होणार होतं. मग विरोध सुरू झाला, एसईसी कॉन्फरन्सचे कमिशनर ग्रेग सँकी यांनी पत्र लिहून हे मागे घ्या म्हटलं, तारीख २२ नोव्हेंबरवर गेली, आणि त्याआधीच डिव्हिजन १ च्या दोन तृतीयांश युनिव्हर्सिटीजनी मत देऊन बदल रद्द करून टाकला. म्हणजे तो नियम एक दिवसही लागू झाला नाही. एनबीए, एनएफएल, प्रीमियर लीग, विम्बल्डन, काहीच चालत नाही. ऑक्टोबरचे स्क्रीनशॉट अजून ग्रुपवर फिरतायत, त्यावर विसंबून राहू नका, आणि फॉरवर्ड तर अजिबात करू नका.

६. पैसे नाही लावले, नुसती मिसळीची पैज लावली तर?

तीही पैजच. नियमात रोख पैसे असलेच पाहिजेत असं कुठे नाही, किंमत असलेली कुठलीही वस्तू पणाला लागली आणि बदल्यात काही मिळण्याची शक्यता असली की झालं, त्यात टी-शर्ट आला, जेवण आलं. दोन टीममेट "लेकर्स हरले तर डिनर माझ्याकडून" म्हणाले की कागदावर ते उल्लंघन आहे. यासाठी कोणाचं करिअर गेलंय असं नाही, पण सवय इथूनच लागते आणि चौकशी लागली की असे मेसेजही वाचले जातात. नुसतं "मी सांगतो ना, लेकर्स हरणार" असं म्हणायला कोणाची ना नाही.

७. मार्च मॅडनेसचा ब्रॅकेट भरायचा का? लॅबमधले सगळे १० डॉलर काढतात.

फुकट ब्रॅकेट (मार्चमधल्या कॉलेज बास्केटबॉल टूर्नामेंटमध्ये कोण जिंकणार याच्या अंदाजांचा तक्ता) भरा, हरकत नाही. १० डॉलर काढून बक्षीस असलेल्या पूलमध्ये जायचं नाही. वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीचे फुटबॉल कोच रिक न्यूहायझल यांची २००३ मध्ये नोकरी गेली ती यावरूनच, ते बास्केटबॉल टूर्नामेंटच्या लिलाव-पूलमध्ये मित्रांबरोबर पैसे घालत होते. त्यात खरी गंमत अशी की त्यांच्याच युनिव्हर्सिटीच्या कंप्लायन्स ऑफिसरने ईमेल काढला होता की कॅम्पसबाहेरच्या अशा पूलमध्ये भाग घेतला तर चालतं, तो ईमेलच चुकीचा होता. नंतर त्यांनी केस केली आणि २००५ मध्ये ४५ लाख डॉलरवर सेटलमेंट झाली, त्यात तो ईमेल कामाला आला. म्हणून मी सारखी मागे लागते की तोंडी उत्तर घेऊ नका, ईमेल पाठवा आणि जपून ठेवा.

८. फॅन्टसी लीग?

एंट्री फी आणि बक्षीस दोन्ही असेल तर बंद. दोन्हीपैकी एंट्री फी नसेल तर एनसीएएची हरकत नाही, युनिव्हर्सिटीची असू शकते. "दोन खेळाडू निवडा, जास्त की कमी सांगा" वाली जी ॲप्स आहेत आणि जी स्वतःला फॅन्टसी म्हणवतात, ती पैसे लावून खेळली की सरळ बेटिंगच धरा. प्रश्न १९ मधलं फ्रेस्नोचं प्रकरण अशाच अंदाजांवरचं आहे.

९. कॅलिफोर्नियात बेटिंग नाही, पण प्रेडिक्शन मार्केटवर (कुठल्याही घटनेच्या निकालावर पैसे लावायची ॲप्स) मॅचचे कॉन्ट्रॅक्ट विकत घेता येतात. ते तर ट्रेडिंग आहे ना?

ॲप त्याला ट्रेडिंग म्हणेल, कोर्टात त्यावर भांडणंही चालू आहेत. पण एनसीएएची व्याख्या बघा (प्रश्न ६): तुम्ही पैसे दिले, मॅचचा निकाल लागला, त्यावरून पैसे मिळाले किंवा गेले. बसतंय की नाही? एनसीएए याकडे बेटिंग म्हणूनच बघते. १८ वर्षांच्या मुलांना तिथे अकाउंट सहज उघडता येतं म्हणून मला याची सध्या सगळ्यात जास्त काळजी वाटते. निवडणुकीवरचा किंवा हवामानाचा कॉन्ट्रॅक्ट स्पोर्ट्समध्ये येत नाही.

१०. आणि आयपीएल? क्रिकेट तर एनसीएएमध्ये नाहीच.

बरोबर पकडलंत. एनसीएए क्रिकेटची चॅम्पियनशिप घेत नाही, त्यामुळे १०.३ चा नियम जसा लिहिलाय तसा क्रिकेटपर्यंत पोचत नाही, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट येतंय त्याने पण यात फरक पडत नाही. पण लगेच खूश होऊ नका. एक तर बऱ्याच युनिव्हर्सिटीज आणि कॉन्फरन्सेसचा स्वतःचा नियम जास्त कडक असतो, "कुठल्याही खेळावर नाही" असा, आणि तुमच्यावर तोच चालतो. दुसरं, एकाच ॲपमध्ये आयपीएलच्या खाली एनबीए दिसते, खातं एकच, पैसे एकाच वॉलेटमधले, आज मुंबई इंडियन्स तर उद्या कोण. तिसरं म्हणजे भारतातून लावायचं म्हणत असाल तर तिथे ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवीन कायदा झाला, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी आली, ड्रीम११ ने पैशांचे कॉन्टेस्ट बंद केले. मग उरतात ते दोन नंबरचे बुकी आणि बाहेर देशातल्या वेबसाइट्स, आणि इथे स्कॉलरशिपवर असलेल्या मुलाने त्यांच्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

११. दिवाळीला आम्ही तीन पत्ती खेळतो, थोडे पैसे लावून. आणि कसिनो, पोकर, घोड्यांची रेस, लॉटरी?

हे सगळं एनसीएएच्या या नियमात येत नाही, कारण ते त्यांच्या चॅम्पियनशिपचे खेळ नाहीत. राज्याचा कायदा, वयाची अट आणि टीमचा स्वतःचा नियम तेवढा बघा. रोड ट्रिपवर टीमच्या हॉटेलमध्ये पत्ते खेळायला बरेच कोच मनाई करतात. मोटर रेसिंग, युएफसी यांचं पण क्रिकेटसारखंच, प्रश्न १० बघा.

१२. सुट्टीत घरी आल्यावर नियम थांबतो का?

नाही थांबत. नियम तुमच्याबरोबर फिरतो, तुम्ही डेक्कनवर असा की दादरला. उन्हाळ्याची सुट्टी, सीझन संपलेला, काही फरक नाही. पणजीला मांडवीतल्या कसिनोत जाऊन रुलेट खेळलात तर ते स्पोर्ट्स बेटिंग नाही, तिथे २१ ची अट आहे एवढं लक्षात ठेवा.

१३. मी नाही लावत, माझा मोठा भाऊ न्यू जर्सीत आयटीत आहे, तो त्याच्या अकाउंटवरून माझ्यासाठी लावतो. किंवा रूममेट माझा फोन वापरतो.

भाऊ तुमच्यासाठी लावतो म्हणजे तुम्हीच लावता, नियमात "दुसऱ्यामार्फत" स्पष्ट लिहिलंय. यात अजून एक भानगड आहे. २०२३ मध्ये आयोवा आणि आयोवा स्टेट या दोन युनिव्हर्सिटीजच्या खेळाडूंवर जी कारवाई झाली त्यात कित्येकांवर रेकॉर्डमध्ये फेरफार केल्याचा फौजदारी आरोप लागला, कारण खाती आईच्या, बायकोच्या, मित्राच्या नावाने होती. म्हणजे लपवायला गेले आणि साध्या नियमभंगाची पोलीस केस झाली. काहींवरचे आरोप नंतर मार्च २०२४ मध्ये मागे घेतले गेले, कारण तपास यंत्रणेने वॉरंटशिवाय लोकेशन डेटा बघितला होता, पण तोवर सीझन गेला होता.

भाऊ स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या डोक्याने लावतो, तुमचा काही संबंध नाही, तर तो त्याचा प्रश्न. तुमच्या कॉलेजच्या मॅचवर त्याने लावू नये असं मात्र त्याला आजच सांगा. फोन रूममेटला देऊ नका.

१४. "माहिती देणं" म्हणजे नेमकं काय? मी थोडीच बुकीला ओळखतो.

बुकीला ओळखायची गरज नसते. समजा तुम्ही टीम मॅनेजर आहात, शुक्रवारी संध्याकाळी प्रॅक्टिसनंतर मराठी मित्रांच्या ग्रुपवर टाकलंत, "आमच्या पॉइंट गार्डचा घोटा सुजलाय, उद्या बसणार वाटतं." ग्रुपमध्ये ऐंशी लोक. त्यातला एक जण बेट लावतो, तुम्हाला माहीत पण नाही. त्याने पाच मिनिटांत समोरच्या टीमवर पैसे लावले आणि मेसेज अजून दोघांना पाठवला. बेटिंग कंपन्यांना अशा अचानक आलेल्या पैशांवरच लक्ष ठेवायचं असतं, त्या कळवतात, आणि मग मागे मागे येत कोणी पहिल्यांदा सांगितलं इथपर्यंत चौकशी येते. तुम्हाला काहीच माहीत नव्हतं हे खरं असेलही, नियमात 'जाणूनबुजून' हा शब्द आहे, पण ते सिद्ध करत बसायचं, सेमिस्टरभर वकील आणि कंप्लायन्सच्या फेऱ्या मारायच्या, याला काय अर्थ आहे?

जाणूनबुजून केलं तर काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे अलाबामा. २८ एप्रिल २०२३, अलाबामा विरुद्ध एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) बेसबॉल. अलाबामाचे हेड कोच ब्रॅड बोहॅनन यांनी आपला सुरुवातीचा पिचर खेळणार नाही हे समोरच्या टीमला कळवायच्या आधी एका ओळखीच्या माणसाला मेसेजवर कळवलं. तो माणूस सिनसिनाटीच्या बेसबॉल स्टेडियममधल्या बेटिंग काउंटरवर उभा होता. त्याला एलएसयूवर १ लाख डॉलर लावायचे होते, काउंटरवाल्यांनी १५ हजारावर थांबवलं, आणि त्याचं ते घाईघाईचं वागणं आणि हातातल्या फोनवरचं चॅट कॅमेऱ्यात आलं. ओहायोने अलाबामा बेसबॉलवरचं बेटिंगच थांबवलं, आठवड्याभरात कोच घरी. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनसीएएने त्यांच्यावर १५ वर्षांचा 'शो-कॉज' लावला (प्रश्न १७ बघा). कोचने स्वतः एक डॉलर लावला होता म्हणून हे झालं असं नाही, एका मेसेजवर झालं.

म्हणून कोण खेळणार, कोण जखमी, कोणाचं ब्रेकअप झालंय, कोणाला कोचने झापलं, प्लॅन काय, हे ग्रुपवर नाही, स्टोरीवर नाही, कोणाला "फक्त तुला सांगतो" म्हणून पण नाही.

१५. मग मला दुखापत झाली तर आईबाबांना पण सांगायचं नाही का?

सांगा हो, नक्की सांगा, आईबाबांपासून कोणी लपवा म्हणत नाही. फक्त फोन करून सांगा आणि त्यांना म्हणा की फॅमिली ग्रुपवर टाकू नका, काका-मामांना मॅच झाल्यावर सांगा. डिपार्टमेंटने अधिकृतपणे जाहीर केलं, की मग ती गुप्त माहिती राहत नाही. बिग टेन आणि एसईसीसारख्या कॉन्फरन्स हल्ली काही खेळांत मॅचआधी कोण उपलब्ध आहे याची यादी जाहीर करतात, त्याचं एक कारण हेच की माहिती चोरून काढायला खेळाडूंच्या मागे कोणी लागू नये. यादी आल्यावर पण त्यात नसलेलं काही स्वतःहून जोडू नका.

१६. खेळाडू पकडला गेला तर शिक्षा काय?

२०२३ मध्ये एनसीएएने नवीन पायऱ्या ठरवल्या. स्वतःच्या मॅचवर लावलं, निकालात ढवळाढवळ केली, किंवा बेटिंग करणाऱ्यांना माहिती पुरवली, तर एलिजिबिलिटी, म्हणजे कॉलेजकडून खेळायची पात्रता, कायमची जाऊ शकते. आपल्याच युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या टीमवर लावलं तर सुरुवात एका पूर्ण सीझनपासून. दुसऱ्या युनिव्हर्सिटीवर पण आपल्याच खेळात लावलं, म्हणजे टेनिसवाल्याने कॉलेज टेनिसवर, तर अर्धा सीझन.

बाकीच्या बेट्ससाठी एकूण रक्कम बघतात: २०० डॉलरपर्यंत नुसतं शिक्षण, २०१ ते ५०० ला सीझनचे १० टक्के, ५०१ ते ८०० ला २० टक्के, ८०० च्या वर ३० टक्के, आणि फारच वर असेल तर आणखी. इथे मुलं एक गोष्ट हमखास चुकीची समजतात. किती हरलात ते नाही बघत, एकूण किती लावलेत ते बघतात. दर रविवारी २० डॉलर लावत गेलात तर अकराव्या रविवारी पहिली पायरी ओलांडली, मधे जिंकलात तरी. शिवाय या एनसीएएच्या पायऱ्या आहेत, स्कॉलरशिप ठेवायची का, टीममध्ये ठेवायचं का हे युनिव्हर्सिटी वेगळं ठरवू शकते.

१७. आणि स्टाफला?

स्टाफसाठी अशी डॉलरची शिडी नाही, बहुतेक वेळा सरळ नोकरी जाते. 'शो-कॉज' म्हणजे पुढे ज्या युनिव्हर्सिटीला तुम्हाला घ्यायचंय तिने एनसीएएसमोर येऊन कारण द्यायचं किंवा निर्बंध पाळायचे, त्यामुळे तेवढी वर्षं कोणी हात लावत नाही. विद्यार्थी-कर्मचाऱ्याचा जॉब जातो आणि वर युनिव्हर्सिटीची शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

१८. त्यांना कळतं कसं पण?

कळतं. लीगल ॲपला तुमचं खरं नाव, जन्मतारीख, लोकेशन लागतं, लोकेशन तर प्रत्येक बेटला तपासलं जातं. काही युनिव्हर्सिटीज खेळाडू आणि स्टाफची नावं एन्क्रिप्ट करून एका सिस्टिमला देतात आणि बेटिंग कंपन्यांची खाती त्याच्याशी जुळवली जातात. आणि खरं सांगू का, भांडण झालेला मित्र, ब्रेकअप झालेली मैत्रीण, पैसे थकलेला माणूस, हे सॉफ्टवेअरच्या आधी कळवतात.

१९. इन्स्टाग्रामवर एकाने मेसेज केला, "जिंकलात तरी चालेल, फक्त पहिल्या हाफमध्ये जरा कमी खेळ." पैसे देतोय. मॅच तर हरत नाही ना मी?

उत्तर देऊ नका, डिलीट करू नका, स्क्रीनशॉट घ्या आणि त्याच दिवशी कंप्लायन्सला द्या. हा आता नियमाचा विषय नाही, गुन्ह्याचा आहे. १९६४ च्या केंद्रीय कायद्याने मॅचवर लाचेने परिणाम करणं याला ५ वर्षांपर्यंत कैद आहे. बोस्टन कॉलेजच्या १९७८-७९ च्या प्रकरणात पण टीमने मॅच हरायची अट नव्हती, फक्त ठरलेल्यापेक्षा कमी फरकाने जिंकायचं होतं, आणि त्यातल्या एका खेळाडूला १० वर्षांची शिक्षा सुनावली गेली, ती पुढे कमी झाली. आता तर अख्ख्या मॅचची पण गरज नाही, एकट्या खेळाडूचे पॉइंट किती, रिबाउंड किती यावर बेट असते. सप्टेंबर २०२५ मध्ये फ्रेस्नो स्टेट आणि सॅन होजे स्टेटच्या तीन बास्केटबॉल खेळाडूंची एलिजिबिलिटी एनसीएएने कायमची काढली ती अशाच बेट्सवरून. एनसीएएच्या मागणीनंतर ओहायोने २०२४ मध्ये कॉलेज खेळाडूंवरच्या अशा वैयक्तिक बेट्स बंद केल्या, सगळ्या राज्यांनी केलेल्या नाहीत.

आधी ते फक्त माहिती मागतात, "तुझा मित्र खेळतोय का रे उद्या?" एकदा दिलीत की मग तेच धमकी म्हणून वापरतात.

२०. माझा एफ-१ व्हिसा आहे. त्यावर परिणाम?

नुसतं एनसीएएचं उल्लंघन हा इमिग्रेशनचा गुन्हा नाही. पण टीममधून गेलात, स्कॉलरशिप गेली, फी भरता आली नाही आणि फुल-टाइम कोर्स सुटला की स्टेटस धोक्यात येतं. फौजदारी आरोप लागला (वय कमी असताना बेट, दुसऱ्याच्या नावाचं खातं, प्रश्न १३) तर वकिलाला भेटल्याशिवाय काही कबूल करू नका आणि तो वकील इमिग्रेशन जाणणारा पाहिजे, कारण लहान गुन्ह्याची कबुली इथल्या मुलाला दंडावर सोडवते आणि तुमच्या पुढच्या व्हिसा अर्जात राहते. पुढे कधी नागरिकत्वाचा विचार असेल तर जुगाराच्या दोन गुन्ह्यांत दोषी ठरणं हे तिथे 'चांगलं चारित्र्य' नाकारायचं कारण कायद्यातच लिहिलेलं आहे.

२१. मी आधीच लावलेत. नियम माहीत नव्हता. आता काय करू?

आज थांबा. ॲपची हिस्टरी, मेसेज काहीही पुसू नका, पुसलंत तर नवीन उल्लंघन होतं आणि ते मूळच्या बेटपेक्षा भारी पडतं. कंप्लायन्स ऑफिसला स्वतःहून जा. चौकशीत खोटं बोलणं हा एनसीएएमध्ये स्वतंत्र गुन्हा आहे. २०० डॉलरच्या आत असेल आणि आपल्या युनिव्हर्सिटीवर किंवा कॉलेजमधल्या आपल्याच खेळावर नसेल तर प्रश्न १६ परत वाचा, एकही मॅच न गमावता एका ट्रेनिंगवर सुटू शकता, आणि अशी मुलं मी बघितलीत जी भीतीने सहा महिने गप्प बसली आणि तोवर रक्कम वाढत गेली. रक्कम मोठी असेल किंवा स्वतःच्या टीमवर असेल तर आधी वकील, मग ऑफिस.

आणि थांबायचं ठरवूनही थांबता येत नसेल तर १-८००-४२६-२५३७ हा जुगाराच्या व्यसनासाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे, फुकट आहे. युनिव्हर्सिटीच्या समुपदेशकाशी झालेलं बोलणं साधारणपणे गोपनीय राहतं, कोचला कळेल म्हणून जायचं टाळू नका, सुरुवातीलाच त्यांना विचारून घ्या की काय गोपनीय राहील. घरी सांगायची लाज वाटते हे मला माहितीय. तरी कोणा एकाला सांगा, ताईला, मावशीला, कोणालाही.

२२. मॅच हरल्यावर अनोळखी लोक शिव्या घालतात, "तुझ्यामुळे माझे पैसे गेले", माझ्या मुलीला धमक्या आल्यात.

हा पालकांचा प्रश्न आहे आणि वाचून जीव तुटतो. ब्लॉक करायच्या आधी स्क्रीनशॉट, मग कंप्लायन्स आणि कॅम्पस पोलीस. जिवाची धमकी असेल तर ९११. पैसे परत मागणाऱ्यांना एक डॉलर पण पाठवू नका, विनवणी पण करू नका. मॅचच्या दिवशी तिचे मेसेज रिक्वेस्ट बंद ठेवायला सांगा.

२३. मी स्क्वॅश खेळतो, आमची स्पर्धा एनसीएए घेतच नाही. आणि माझी मैत्रीण बँडमध्ये आहे. आम्ही मोकळे?

स्क्वॅशची राष्ट्रीय स्पर्धा कॉलेज स्क्वॅश असोसिएशन घेते हे बरोबर. पण तुम्ही युनिव्हर्सिटीच्या व्हर्सिटी (अधिकृत) टीममध्ये आहात आणि बहुतेक युनिव्हर्सिटीज आपल्या सगळ्या व्हर्सिटी खेळाडूंना एकच नियम लावतात, त्यामुळे मोकळे समजू नका, लेखी विचारा. बँड, चीअरलीडिंग, डान्स टीम यांचं प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. मैत्रीण टीमबरोबर बसने प्रवास करत असेल तर माहितीचा धोका तिलाही तितकाच.

२४. बेटिंग कंपनीने सोशल मीडिया पोस्टचे पैसे देऊ केलेत. खेळाडूंना आता कमवायची परवानगी आहे ना?

जुलै २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींसाठी आपल्या नाव-प्रतिमेचे पैसे घेता येतात, पण कित्येक राज्यांचे कायदे आणि युनिव्हर्सिटीची धोरणं जुगाराच्या कंपन्यांना त्यातून वगळतात. एफ-१ वर असाल तर इथे राहून असं काम करणं हाच वेगळा प्रश्न आहे. रेफरल कोड शेअर करणं म्हणजे दुसऱ्याला बेट लावायला लावणं, तेही नको.

२५. मग दोन युनिव्हर्सिटीजचे प्रेसिडेंट मोठ्या मॅचआधी उघडपणे पैज लावतात, ट्विट करतात. त्यांना कसं चालतं?

नियमात तेवढा एक अपवाद खरंच लिहिलाय. पारंपरिक प्रतिस्पर्धी किंवा बोल गेमसारख्या (सीझनअखेरची मोठी फुटबॉल मॅच) मॅचला दोन संस्था आपसात पैज लावू शकतात, पण पणाला लागणारी वस्तू त्या संस्थेची किंवा राज्याची ओळख असलेली पाहिजे, म्हणजे तिथलं फळ, तिथलं चीज, असं काही. तो अपवाद संस्थांसाठी आहे. त्याच प्रेसिडेंटनी त्याच मॅचवर स्वतःच्या खिशातले २० डॉलर लावले तर त्यांना पण प्रश्न २ लागू.